दोष पंपाचा नव्हे, दरपत्रकाचा

ब्रिटनच्या हिवाळ्यात घर उबदार ठेवणे ही चैन नव्हे. म्हाताऱ्याकोताऱ्यांच्या दृष्टीने तो जगण्यामरण्याचा प्रश्न असतो. तेथील बहुसंख्य घरे आजही नैसर्गिक वायूच्या बॉयलरवर तापतात. त्याऐवजी विजेवर चालणारा उष्णता-पंप बसवा, असा उपदेश सरकार करते. पंप परवडत नाही, असा कंठशोष वायूच्या धंद्याचे कैवारी करतात. या वादात खरा आरोपी मात्र नामानिराळा राहतो.

हिशोब साधा आहे. बॉयलर वायूच्या एका युनिटातून फार तर नऊ-दशांश युनिट उष्णता देतो. पंप बाहेरच्या हवेतील उष्णता ओढून घरात आणतो, म्हणून विजेच्या एका युनिटामागे सुमारे तीन युनिटे देतो. यंत्र म्हणून पंप तिपटीने सरस ठरला. पण ऑक्टोबर २०२४ मध्ये ‘ऑफजेम’ या नियामक संस्थेने लागू केलेली घरगुती दरमर्यादा पाहावी : युनिटास वायू ६.२४ पेन्स, वीज २४.५० पेन्स. म्हणजे एक युनिट ऊब वायूने सुमारे सात पेन्सांत, पंपाने आठ पेन्सांहून अधिक किमतीत! यंत्राने कमावले ते दरपत्रकाने हिरावून घेतले.

हा चौपट दर निसर्गनियम नव्हे. घाऊक बाजारात सर्वांत महागड्या केंद्राचा भाव साऱ्या विजेला लागू होतो आणि ते केंद्र बहुधा वायूचेच असते. निश्चित दराचा करार नसलेल्या पवनचक्कीची वीजही मग वायूच्या भावाने खपते. शिवाय हरित ऊर्जेच्या अनुदानाचा बोजा वर्षानुवर्षे मुख्यतः विजेच्या बिलावर लादला गेला. बिलातून वसूल होणारा हा कर श्रीमंत-गरीब पाहत नाही. नोव्हेंबर २०२५ च्या अर्थसंकल्पात त्यातील काही भार सरकारी तिजोरीकडे वळविण्याची घोषणा झाली. ती उशिराची कबुलीच होय.

पंपासाठी साडेसात हजार पौंडांचे अनुदान आहे, असे उत्तर दिले जाते. परंतु यंत्र निवडतो घरमालक आणि बिल भरतो भाडेकरू. ज्याला निवडच नाही, त्याला अनुदानाचा काय उपयोग?

१९८६ मध्ये वायू आणि १९९० पासून वीज खासगी भांडवलाच्या हाती गेली, तेव्हा स्पर्धेने ग्राहक राजा होईल अशी ग्वाही दिली गेली होती. तो राजा आज थंडीत कुडकुडत मीटरकडे पाहतो आहे. अनुदानांचा भार प्राप्तीनुसार आकारलेल्या करांवर टाकणे, विजेचा भाव वायूच्या भावापासून सोडविणे आणि भाड्याच्या घरांत पंप सार्वजनिक खर्चाने बसविणे, या मागण्यांवाचून पंपाचा प्रचार म्हणजे गरिबाला केलेला कोरडा उपदेश होय. ऊब ही बाजाराची कृपा नव्हे. तो माणसाचा हक्क आहे.