कॉलेजचं बोलावणं

मुंबई–गोवा महामार्गाच्या रखडलेल्या कामामुळे कासूचं नाव उभ्या महाराष्ट्राला ठाऊक झालं. पळस्पे ते कासू हा एक टप्पा, कासू ते इंदापूर हा पुढचा. पण कासूतल्याच आमच्या ओळखीच्या एका घरात सध्या वेगळ्याच रस्त्याची चर्चा आहे. घरातला मुलगा कबड्डीत डावा कोपरा सांभाळतो. त्याची घोट्याची पकड पाहून एका महाविद्यालयाचे क्रीडाशिक्षक थेट घरी आले. म्हणाले, "बारावीनंतर आमच्याकडे प्रवेश घे, संघात जागा नक्की." सर चहा घेऊन गेले आणि घरात वडील आणि मामा यांची जुंपली.

वडिलांचं म्हणणं असं : "खेळून कोणाचं पोट भरलंय? आपल्या रोह्यात वाढलेले चिंतामणराव देशमुख १९१२ साली मॅट्रिकला पहिले आले, शंकरशेट शिष्यवृत्ती मिळवली, पुढे रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले. ते काय चढाया करून?" मामांचं म्हणणं नेमकं उलट : "सरकारी नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे. पुस्तकात डोकं घालून काय मिळणार? पोराला मोकळा खेळू दे."

दोघांचाही जीव त्या मुलात आहे. तरी दोघांचंही मला पटत नाही.

आधी वडिलांचं घेऊ. चिंतामणरावांचा दाखला खरा आहे, पण त्यातून निघतं काय? ते मन लावून शिकले, एवढंच. मैदानावर जाणारा मुलगा शिकू शकत नाही, हे त्यातून निघत नाही. कबड्डीचा सामना वीस-वीस मिनिटांच्या दोन डावांचा, रोजचा सराव दीड-दोन तासांचा. तेवढा वेळ मोबाइलवर जातो तेव्हा घरात कोणी आवाज चढवत नाही. हाच मुलगा मला कासू स्टेशनवर सकाळच्या गाडीची वाट पाहताना दिसतो. सॅकच्या बाहेरच्या कप्प्यातून गुडघ्याचा पट्टा डोकावत असतो, मांडीवर हिशेबशास्त्राची वही असते. नावे बाजू, जमा बाजू पेन्सिलीने जुळवत असतो. बेरीज चुकली की खोडरबर शोधतो, सापडलं नाही की बोटाने पुसतो, त्यामुळे पानाचा तेवढा कोपरा काळा झालेला असतो. हे पोर खेळामुळे बिघडलंय, असं कोण म्हणेल?

वडिलांची एक भीती मात्र रास्त आहे. आपल्या रायगडात प्रकाशझोतातल्या स्पर्धा थंडीत भरतात आणि बारावीची परीक्षा फेब्रुवारीत येऊन ठेपते. रात्री दोनला उपांत्य सामना खेळलेल्या मुलाला सकाळी प्रात्यक्षिकाला उभं राहवत नाही. म्हणून बारावीच्या वर्षी जानेवारीनंतर कबड्डी मंडळाकडून खेळायचं नाही, हे मी मुलांना तोंडावर सांगतो. मंडळवाले रागावतात. रागावू देत.

आता मामा. त्यांचं म्हणणं मला अधिक घातक वाटतं, कारण ते मुलाला गोड लागतं. आरक्षण ५ टक्के आहे हे खरं, पण ते पदाची शैक्षणिक अट माफ करत नाही. पदवी मागितली असेल तर पदवीच लागते. जत्रेतल्या स्पर्धेची ढालही तिथे चालत नाही. मान्यताप्राप्त स्पर्धेचं, पडताळणी झालेलं प्रमाणपत्र लागतं. आणि गुडघ्याचं काय? माझ्या माहितीतल्या एका मुलाला अशाच एका महाविद्यालयाने संघासाठी नेलं. "हजेरीचं आम्ही बघू," असा शब्द दिला, तोंडी. दुसऱ्या वर्षी त्याच्या गुडघ्याचा अस्थिबंध तुटला. संघात नवा मुलगा आला आणि हजेरी ७५ टक्के नाही म्हणून याचं सत्र अडलं. शब्द देणारं तेव्हा कोणीच समोर आलं नाही. त्याची आई वर्षभर कार्यालयाच्या पायऱ्या झिजवत होती. हे आठवलं की आजही माझं डोकं तापतं.

मग बोलावणं नाकारायचं का? मुळीच नाही. छोट्या महाविद्यालयाचं असेल तर आनंदाने विचार करावा. मुंबईच्या नामांकित महाविद्यालयात आमचा मुलगा राखीव खेळाडूंत बसून राहील. पेण-रोह्याकडच्या महाविद्यालयात तो पहिल्या सातांत असेल, रात्री घरी जेवेल, आणि वर्गात शिक्षक त्याला नावाने हाक मारतील. अमेरिकेत महाविद्यालयीन बास्केटबॉलचा तिसरा विभाग आहे, चारशेहून अधिक महाविद्यालयांचा. तिथे खेळासाठी एका डॉलरचीही शिष्यवृत्ती देता येत नाही, तरी मुलं हौसेने खेळतात आणि पदवी घेऊन बाहेर पडतात. कारण तिथे मुलगा मुळात शिकायला आलेला असतो.

आणि आपल्याकडे काय कमी आहे? कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात खाशाबा जाधव शिकायला आले, तेव्हा अंगकाठी पाहून क्रीडाशिक्षकांनी त्यांना कुस्तीत घ्यायला नकार दिला होता. ते प्राचार्य खर्डेकरांकडे गेले, त्यांनी परवानगी दिली, आणि खाशाबांनी कुस्त्या मारल्या. पुढे १९५२ च्या हेलसिंकी ऑलिम्पिकला जायला पैसे नव्हते, तेव्हा याच खर्डेकरांनी स्वतःचं घर गहाण ठेवून ७,००० रुपये उभे केले. खाशाबांनी कांस्यपदक आणलं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. १९५५ मध्ये ते पोलीस उपनिरीक्षक झाले. खेळाडू विद्यार्थ्याचं पालकत्व घेणं म्हणजे काय, ते खर्डेकरांनी दाखवलं. घर गहाण ठेवा असं मी आजच्या प्राचार्यांना म्हणत नाही. दिलेला शब्द कागदावर द्या, एवढंच मागणं आहे.

म्हणून कासूच्या त्या वडिलांना आणि मामांना माझी हात जोडून विनंती आहे. दोघांनी मिळून त्या महाविद्यालयात जा. क्रीडाशिक्षकांना भेटाच, पण प्राचार्यांनाही भेटा. स्पर्धेच्या दिवसांची हजेरी कशी धरणार, बुडालेली प्रात्यक्षिकं कधी घेणार, दुखापत झाली तर प्रवेश आणि फी-सवलत टिकणार का, हे विचारा आणि महाविद्यालयाच्या शिक्क्यासह लेखी घ्या. तो कागद हातात आला तर मुलाला निर्धास्त पाठवा. नाही आला, तर चहाबद्दल आभार मानून दुसरं महाविद्यालय बघा.