सरकी आमची, जवस आमचा. मग माशाचा घास कोणाचा?



2016 साली ‘मागेल त्याला शेततळे’ आले. तळे खोदून झाले, की साहेब सांगतात, “मासे सोडा, जोडधंदा करा.” मासे खातील काय, हे कोणी सांगत नाही. बोटुकली सोडायची, दुकानातून खाद्याचे पोते आणायचे आणि मासा वाढला नाही, तर खापर शेतकऱ्याच्या माथी. कापसात हेच जन्मभर ऐकले. तळ्याच्या काठावर तरी ऐकून घ्यायचे नाही.

कोरडवाहू भागात तळ्याचे पाणी बारा महिने टिकत नाही. थोड्या पाण्यात तग धरणारा, वरची हवा घेऊन जगणारा देशी मागूर म्हणूनच आपल्या सोयीचा. (थाई मागूर नव्हे. त्यावर केंद्राने 2000 साली बंदी घातली आहे. स्वस्त बी म्हणून कोणी तो गळ्यात मारू पाहील, सावध राहा.) पाणी आटण्याच्या आत मासा वाढायचा, तर पिलाचे पहिले दिवस वाया जाऊन चालत नाहीत. ज्वारीचा कोंब करपला, की मागून आलेल्या पावसाने कणीस भरत नाही, तसेच हे.

पिलाला प्रथिने लागतात, हे सगळे सांगतात. चरबीचे नाव कोणी काढत नाही. एक ग्रॅम चरबीत 9 कॅलरी, एक ग्रॅम प्रथिनात 4. चरबी कमी पडली, की पिलू महागाचे प्रथिन अंग भरायला न वापरता नुसते जगायला जाळते. म्हणजे सागवान चुलीत घालण्यातला प्रकार. चरबी जास्त झाली तरी नुकसानच. मासा लवकर धापतो, मग प्रथिनेही कमी खातो, पोटात चरबी साठते आणि पोते लवकर खवट होते. मागुराच्या जातीच्या माशांच्या पिलांना साधारण 6 ते 10 टक्के चरबी मानवते.

पण खरी मेख पुढेच आहे. चरबी किती, एवढे पोत्यावर छापतात. कोणती, ते छापत नाहीत. सरकीच्या तेलात ओमेगा-6 भरपूर, ओमेगा-3 जवळजवळ नाहीच. जवसाच्या तेलात निम्म्याहून अधिक ओमेगा-3. शंभर किलो खाद्यात दोन किलो जवसाचे तेल पडले, तर ओमेगा-3 एक टक्क्याच्या घरात जाते. अमेरिकेतल्या अशाच माशाची गरज एक ते दोन टक्के मानतात. हाच जवस विदर्भातल्या रब्बीतून हाकलला गेला. कारण एकच, भाव नाही.

आणि सरकी? क्विंटलभर कापसातून रुई निघते 33 ते 35 किलो, बाकी बहुतेक सरकी. ती कवडीमोलाने जाते, पेंड होऊन चढ्या भावाने परत येते. कोणी म्हणेल, तीच पेंड तळ्यात ओता. ओतू नका. तिच्यात गॉसिपॉल नावाचे विष असते, नुसत्या पेंडीवर पिलू वाढत नाही. सोयापेंड हवी, थोडी सुक्या मासळीची कुटी हवी, शिजवलेली ज्वारी चालते, वरून जवसाचे तेल. यातली मासळी सोडली, तर बाकी आपल्याच शिवारातले.

“शेतकऱ्याला हे जमणार नाही,” असे म्हणणाऱ्यांनी मिसिसिपीकडे पाहावे. तिथल्या कापूसवाल्यांनी कापसाच्या जमिनीत तळी खोदली, स्वतःच्या मालकीचे खाद्यकारखाने उभे केले, 1981 मध्ये मासे साफ करून विकण्याचा कारखानाही काढला. पुढे व्हिएतनामचा स्वस्त मासा आला, तेव्हा खुल्या व्यापाराचे धडे देणाऱ्या त्या देशाने 2002 साली त्या माशाला ‘कॅटफिश’ हे नावच लावू दिले नाही. आमच्या कापसाला असा कैवारी कधी भेटला?

आम्हाला सूट-सबसिडी नको. जिल्हा बैठकीत ठराव तीनच करू. एक, पोत्यावर चरबी कोणत्या तेलाची आणि पोते कोणत्या तारखेचे, हे मराठीत छापा. दोन, देशी मागुराचे खात्रीचे बी पावसाळ्यात वेळेवर द्या. तीन, गावात घाणा आणि खाद्याची गिरणी टाकणाऱ्या शेतकऱ्याच्या वाटेत परवान्यांची काटेरी कुंपणे घालू नका.

पेरायचे आम्ही, पिळायचे दुसऱ्याने आणि विकत घ्यायचे पुन्हा आम्हीच, हे चक्र तळ्यात तरी फिरू द्यायचे नाही.