आधी माती दाखवा, मग आराखडा

मुंबईच्या पूर्व किनाऱ्यावरील बंदराची जमीन शहराला खुली करायची, या विचाराला आता दशक उलटून गेले आहे. २०१४ मध्ये केंद्र सरकारने त्यासाठी राणी जाधव यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. २०१८ मध्ये राज्य सरकारने बंदराला विशेष नियोजन प्राधिकरणाचा दर्जा दिला आणि त्याच वर्षाच्या अखेरीस सुमारे ९६६ हेक्टर क्षेत्राचा प्रारूप आराखडा हरकती-सूचनांसाठी जाहीर झाला. उद्याने, समुद्रालगतचे पदपथ, मरिना, कार्यालये आणि घरे अशी या किनाऱ्याची चित्रे शहराने तेव्हापासून अनेकदा पाहिली. मोकळ्या जागेसाठी आसुसलेल्या मुंबईला ती हवीहवीशी वाटली यात नवल नाही. पण ज्या जमिनीवर ही चित्रे उभी राहायची, तिच्या पोटात काय आहे, हा प्रश्न या चर्चेत मागे राहिला. शंभर-दीडशे वर्षे उद्योगाने वापरलेला किनारा माणसांच्या हवाली करायचा तर तो आधी स्वच्छ करावा लागतो. आणि ही स्वच्छता त्या किनाऱ्यावर राहणाऱ्या, राबणाऱ्या, मासेमारी करणाऱ्या लोकांना सुरुवातीपासून निर्णयात घेतल्याशिवाय नीट होत नाही. आराखडा ठरल्यावर सूचना मागवणे याला लोकसहभाग म्हणता येणार नाही.

या किनाऱ्याच्या मातीबद्दल शंका घ्यायला सबळ कारणे आहेत. याच किनाऱ्यावरच्या दारुखान्यात, पावडर बंदर आणि लकडी बंदर या भागांत, कित्येक दशके जुनी जहाजे तोडली गेली. उधाणाच्या भरतीला जहाज किनाऱ्याकडे ओढायचे, ओहोटीत ते गाळात रुतले की गॅस कटरने कापायचे, ही इथली पद्धत. जुन्या जहाजात अ‍ॅस्बेस्टॉसचे आवरण असते, टाक्यांच्या तळाशी तेलाचा गाळ असतो, रंगात शिसे असते आणि तळावर शेवाळ, शिंपले चिकटू नयेत म्हणून लावलेल्या लेपात विषारी द्रव्ये असतात. पोलाद विकले जाते. उरलेल्यापैकी बरेच काही गाळात आणि जमिनीत मुरते. २०१४ च्या अखेरीस ‘विक्रांत’ ही विमानवाहू युद्धनौका याच दारुखान्यात तोडायला घेतली, तेव्हा सारा देश हळहळला. तिच्या पोलादाचे काय झाले याची चर्चा झाली, पण अशा शेकडो जहाजांचे काय काय या किनाऱ्यावरच राहून गेले, याचा हिशेब कुणी मागितला नाही. शेजारच्या हाजी बंदरावर कोळसा उतरत असे आणि शिवडी-वडाळ्याच्या रहिवाशांनी त्याच्या धुळीचा त्रास वर्षानुवर्षे सोसला. पलीकडे माहुल-ट्रॉम्बेला तेलशुद्धीकरण कारखाने आणि रसायनांच्या टाक्या आहेत. ठाणे खाडीच्या गाळात जड धातू सापडल्याचे संशोधकांनी पुन्हा पुन्हा नोंदवले आहे. यावरून प्रत्येक भूखंड विषारी आहे असे ठरत नाही. तपासल्याशिवाय कोणताही भूखंड निर्धोक मानता येणार नाही, एवढे मात्र नक्की ठरते.

दूषित जमीन साफ करणे हे वरकरणी निव्वळ तांत्रिक काम वाटते. नमुने घ्यायचे, प्रयोगशाळेत पाठवायचे, मर्यादेपेक्षा जास्त काय आढळले ते पाहायचे आणि माती उचलायची किंवा झाकायची. प्रत्यक्षात या कामात तीन निर्णय असे येतात की ज्यांचे उत्तर कोणत्याही प्रयोगशाळेत मिळत नाही. पहिला, त्या जागेचा वापर कशासाठी होणार. गोदामासाठी चालेल अशी माती मुलांच्या खेळाच्या मैदानाला चालत नाही. दुसरा, किती स्वच्छ म्हणजे पुरेसे स्वच्छ. शून्य धोका कुठेच नसतो. मग उरलेला धोका कुणी सोसायचा आणि त्याची भरपाई काय, हा न्यायाचा प्रश्न होतो. तिसरा, काढलेली घाण कुठे जाणार. दारुखान्याची माती उचलून तळोज्याच्या घातक कचरा प्रक्रिया केंद्रात नेली तर ती मुंबईतून जाते, पण तळोज्यात राहते. या तिन्ही निर्णयांचे परिणाम ज्यांच्या अंगावर पडणार, त्यांना बाजूला ठेवून ते घेणे हा अन्याय तर आहेच, शिवाय त्यात मोठी व्यावहारिक चूकही आहे. ही चूक किती महाग पडते याची दोन उदाहरणे पुरेशी बोलकी आहेत.

पहिले उदाहरण कॅनडातील नोव्हा स्कोशिया प्रांतातल्या सिडनी या बंदराच्या गावाचे. तिथे विसाव्या शतकाच्या आरंभापासून पोलादाचा कारखाना आणि कोक भट्ट्या होत्या. त्यांचा डांबरी मैला शहरातल्या मगा खाडीत जात राहिला आणि सुमारे सात लाख टन दूषित गाळ तिथे साचला. १९८२ मध्ये बंदराच्या एका भागातली लॉब्स्टरची मासेमारी बंद करावी लागली. १९८६ मध्ये सरकारने गाळ उपसून भट्टीत जाळण्याची योजना आखली. गाळ नळांतून भट्टीपर्यंत नेण्याची यंत्रणा चाललीच नाही आणि पाच कोटी डॉलरहून अधिक खर्च करून योजना गुंडाळावी लागली. १९९६ मध्ये सगळी खाडी कारखान्याच्या धातुमळीखाली बुजवण्याचा सोपा मार्ग निघाला. पण गाळात पीसीबी ही घातक रसायने अंदाजापेक्षा बरीच जास्त निघाली, लोक खवळले आणि तोही बारगळला. त्यानंतरच रहिवासी आणि सरकारच्या विविध पातळ्यांवरील प्रतिनिधी यांचा संयुक्त कृती गट स्थापन झाला. या गटाचे काम सुरळीत चालले असे मुळीच नाही. वाद झाले, फूट पडली, वर्षे गेली. तरीही २००४ मध्ये ४० कोटी डॉलरच्या कामाचा करार झाला, २००६ मध्ये स्वतंत्र तज्ज्ञमंडळाने जाहीर सुनावण्या घेतल्या आणि त्यानंतर लोकांचा विरोध असलेली भट्टी योजनेतून वगळली गेली. गाळात सिमेंट मिसळून तो जागीच घट्ट करण्यात आला, वरून झाकण्यात आला आणि २०१३ मध्ये त्या जागी उद्यान खुले झाले. सगळा गाळ उचलायलाच हवा होता असे म्हणणारे तिथे होतेच. पण लोकांना वगळून गेलेल्या दहा वर्षांत खाडी होती तशीच राहिली आणि लोक सामील झाल्यावर, कितीही अडखळत का होईना, काम तडीस गेले, हे विसरता येत नाही.

दुसरे उदाहरण आपल्या शेजारच्या राज्यातले आणि अगदी ताजे आहे. भोपाळच्या युनियन कार्बाइड कारखान्याच्या आवारात चार दशके पडून असलेला ३३७ टन विषारी कचरा १ जानेवारी २०२५ च्या रात्री १२ कंटेनरमधून पिथमपूरला रवाना झाला. तिथल्या प्रक्रिया केंद्रात तो जाळायचा होता. पिथमपूरच्या लोकांसाठी हा निर्णय बंदोबस्तात येऊन थडकला. दोन दिवसांत शहर बंद झाले, रस्त्यावर दगडफेक आणि लाठीमार झाला, दोघांनी स्वतःला पेटवून घेतले. सरकारने न्यायालयात जाऊन लोकांचे गैरसमज दूर करण्यासाठी मुदत मागितली आणि न्यायालयाने सहा आठवडे दिले. पुढे न्यायालयाच्या देखरेखीखाली चाचण्या झाल्या आणि जूनअखेर कचरा जाळून झाला. धुरात काय होते आणि काय नव्हते हा तज्ज्ञांच्या वादाचा भाग बाजूला ठेवू. जी सहा आठवड्यांची मुदत आगडोंब उसळल्यावर मागावी लागली, ती कंटेनर हलवण्याआधी स्वतःहून घेता आली असती. ज्या गावाने भोपाळच्या नावाची धास्ती घेतली होती, त्या गावाला आकडे दाखवून, चाचणीला स्वतःचा माणूस पाठवायला सांगून विश्वासात घेणे अशक्य नव्हते. विश्वास हा कामाच्या शेवटी मिळणारा प्रसाद नसतो. तो कामाआधी जमवायचा कच्चा माल असतो.

लोकांना सामील करण्यामागे न्याय आणि शांतता यांच्याइतकेच महत्त्वाचे आणखी एक कारण आहे, ते म्हणजे ज्ञान. माहिती फक्त तज्ज्ञांकडे असते हा समज खाडीकाठी टिकत नाही. कोणत्या बंदरावर कोणते जहाज तुटले, टाक्यांतला गाळ कुठे ओतला, कोणता नाला रात्री रंग बदलतो, हे दारुखान्यातल्या कामगारांना ठाऊक असते. ओहोटीला गाळ कुठे जाऊन बसतो, निवट्या कुठे दिसेनाशा झाल्या, कुठल्या शिंपल्यांना तेलाचा वास येतो, हे शिवडी, माहुल, ट्रॉम्बेच्या कोळीवाड्यांना कळते. मातीचा नमुना कुठून घ्यायचा यावर अहवालाचा निष्कर्ष अवलंबून असतो आणि चुकीच्या जागेचा नमुना अचूक यंत्रात घातला तरी उत्तर चुकीचेच येते. शिवाय हा गाळ निर्जीव नाही. त्यातल्या शेवाळावर आणि जीवांवर शिवडीला उतरणारे फ्लेमिंगो जगतात, त्यातल्या मासळीवर आणि खेकड्यांवर कोळ्यांचे चुलीवरचे भांडे अवलंबून असते. बेफिकिरीने उपसलेला गाळ भरतीबरोबर साऱ्या खाडीत पसरेल. कोणत्या ऋतूत, कोणत्या भरतीला हात घालायचा, हे ठरवताना ज्यांचे आयुष्य या पाण्यावर गेले त्यांना विचारणे हे शास्त्रीय शहाणपण आहे.

आता कायद्याचीही चौकट आली आहे. केंद्र सरकारने जुलै २०२५ मध्ये दूषित स्थळांच्या व्यवस्थापनाचे नियम अधिसूचित केले. जिल्हा प्रशासनाने संशयित स्थळांचा सहामाही अहवाल द्यायचा, प्राथमिक तपासणी ९० दिवसांत करायची, पुढील तीन महिन्यांत सविस्तर पाहणी करायची, जागा दूषित ठरली तर ती जाहीर करून तिथल्या वावरावर निर्बंध घालायचे आणि ज्याने घाण केली त्याच्याकडून खर्च वसूल करायचा, अशी ही रचना आहे. हे पाऊल उशिराचे असले तरी स्वागतार्ह आहे, कारण देशात १०३ स्थळे दूषित म्हणून नोंदली गेली असताना प्रत्यक्ष काम जेमतेम सात ठिकाणी सुरू झाले होते. मात्र या चौकटीचा सारा भर तज्ज्ञ संस्था आणि प्रदूषण नियंत्रण मंडळ यांच्यावर आहे. लोकांना निर्णय कळवणे आणि लोकांबरोबर निर्णय घेणे यांत अंतर आहे. नियमांनी किमान पातळी आखून दिली आहे. त्याच्या वर जाण्यापासून राज्याला किंवा बंदर प्राधिकरणाला कुणी रोखलेले नाही.

यावर काही आक्षेप येतील आणि ते हलके नाहीत. सामान्य माणसाला पीसीबी आणि जड धातूंचे काय कळते, असा पहिला आक्षेप. पण रसायनशास्त्र शिकवण्याची मागणी कुणी केलेली नाही. माहिती सोप्या मराठीत आणि हिंदीत मांडणे आणि लोकांना स्वतःच्या विश्वासातला तज्ज्ञ नेमता यावा म्हणून प्रकल्पाच्या पैशातून तरतूद करणे, एवढे पुरे आहे. दुसरा आक्षेप दिरंगाईचा. सिडनीच्या कृती गटाने वर्षे घेतली हे खरे. म्हणून सहभागाला प्रत्येक टप्प्यावर कालमर्यादा हवी. मात्र न्यायालयात अडकलेला किंवा बंदोबस्तात राबवावा लागणारा प्रकल्प त्याहून मंद चालतो. तिसरा आक्षेप असा की, चर्चेच्या नावाखाली स्थानिक पुढारी, भाडेकरू आणि बिल्डर आपापले हितसंबंध पुढे करतील. ते करतीलच, पण बंद दाराआडही हितसंबंध असतातच, फक्त ते कुणाला दिसत नाहीत. उघड चर्चेत निदान त्यांना उत्तर देता येते.

सर्वांत नाजूक आक्षेप पैशाचा आहे. मातीत विष आहे असे जाहीर झाले तर जमिनीचा भाव पडेल आणि प्रकल्पच गडगडेल, अशी भीती अनेकांच्या मनात आहे. पण भाव टिकावा म्हणून सत्य झाकायचे, तर त्याची किंमत उद्या तिथे राहायला जाणाऱ्या कुटुंबांनी आपल्या आरोग्याने मोजायची का? माहुलचा धडा मुंबईने घेतला आहे. प्रकल्पग्रस्तांना त्यांचे मत न विचारता कारखान्यांच्या शेजारी नेऊन बसवले. अखेर २०१९ मध्ये उच्च न्यायालयाला, तिथे जाण्याची सक्ती करू नका, असे बजावावे लागले. दुसरा धडा गिरणगावाचा आहे. १९९१ च्या नियमाने गिरण्यांच्या जमिनीतला एक तृतीयांश वाटा मोकळ्या जागेसाठी आणि एक तृतीयांश सार्वजनिक घरांसाठी राखला होता. २००१ मध्ये तो नियम बदलून वाटणी फक्त रिकाम्या जमिनीपुरती उरली आणि २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम ठेवली. शहराला कळेपर्यंत जमीन हातची गेली होती. एका पिढीत अशी संधी दोनदा चालून येत नाही. पूर्व किनारा ही गिरणगावानंतर मुंबईला मिळालेली तशी संधी आहे आणि कदाचित शेवटचीही.

म्हणून मागणी साधी आहे. एकही भूखंड दुसऱ्या वापरासाठी देण्याआधी तिथल्या मातीची, भूजलाची आणि लगतच्या गाळाची तपासणी व्हावी आणि तिचे निष्कर्ष भूखंडनिहाय लोकांसमोर यावेत. कोळी, जहाजतोडणी कामगार, वस्त्यांतले रहिवासी आणि स्वतंत्र तज्ज्ञ यांची स्थायी समिती नेमावी. नमुन्यांच्या जागा ठरवण्यापासून काम संपल्यावरच्या देखरेखीपर्यंत तिला अधिकार असावा आणि तिची शिफारस नाकारायची असेल तर कारण लेखी द्यावे लागावे. या मातीत आयुष्य घालवलेल्या कामगारांची आरोग्यतपासणी हा स्वच्छतेच्या खर्चाचाच भाग मानावा. काढलेली माती जिथे जाणार, त्या गावालाही तेवढाच आवाज असावा. बंदराची जमीन कागदोपत्री कुणाचीही असो. तिच्यावरून वाहणारा वारा आणि तिला लागून असलेले पाणी मुंबईकरांचे आहे. त्यांना त्या जमिनीचे खरे रूप आधी दाखवा. पुढचा आराखडा त्यांच्यासोबत बसून आखा.