पहिल्या तासाचा हिशेब

हृदयविकाराचा झटका म्हटला की रक्तवाहिनीतील अडथळ्याकडे लक्ष जाते, आणि ते स्वाभाविकच आहे. परंतु झटक्यानंतरच्या पहिल्या तासात पुष्कळदा रुग्णाचा बळी घेतो तो हृदयाचा बिघडलेला ताल. रक्त न मिळालेल्या स्नायूंत विद्युत्संदेशांची शिस्त मोडते, हृदयाचे खालचे कप्पे आकुंचन पावण्याऐवजी नुसते थरथरू लागतात आणि रक्ताभिसरण थांबते. विजेचा नियंत्रित धक्का हाच त्यावरील खरा उपाय. छाती दाबण्याचे प्रथमोपचारही न मिळाल्यास प्रत्येक मिनिटागणिक जगण्याची शक्यता ७ ते १० टक्क्यांनी घटते.

वैद्यकशास्त्राने हे पूर्वीच ओळखले होते. १९६१ मध्ये डॉ. डेस्मंड ज्यूलियन यांनी अशा रुग्णांना सतत देखरेखीच्या स्वतंत्र कक्षात ठेवण्याची कल्पना मांडली. १९६६ मध्ये बेलफास्टच्या डॉ. फ्रँक पॅन्ट्रिज यांनी धक्क्याचे यंत्रच रुग्णवाहिकेत बसविले. कारण कक्ष कितीही सुसज्ज असला, तरी जो तेथवर पोहोचलाच नाही, त्याला त्याचा काय उपयोग? हे काम केवळ गोळ्यांवरही सोपविता येत नाही. झटक्यानंतरचे जादा ठोके दाबणाऱ्या काही औषधांनी मृत्यू घटण्याऐवजी वाढतात, असे १९८९ मध्ये एका मोठ्या अमेरिकी चाचणीत आढळले.

महाराष्ट्रात २०१४ साली १०८ क्रमांकाची सेवा ९३७ रुग्णवाहिकांनिशी सुरू झाली. त्यांपैकी २३३ प्रगत उपचारांच्या होत्या. हे पाऊल मोलाचे होते. तथापि, नागपूरच्या सदरचेच उदाहरण घ्यावे. मेयो रुग्णालय येथून फार दूर नाही. पण रुग्णाचे अंतर मैलांत नव्हे, मिनिटांत मोजावे लागते. छातीत कळ आली की आधी 'पित्त झाले असेल' म्हणून सोडा घेतला जातो, मग घरच्यांची वाट पाहिली जाते, शेवटी दुचाकीवर मागे बसवून गर्दीतून वाट काढली जाते. गाडी येण्यापूर्वीच तासाचा मोठा भाग खर्ची पडतो.

शाळा-कचेऱ्यांच्या भिंतीवर आग विझविण्याचे नळकांडे असते. ते वर्षानुवर्षे वापरावे लागत नाही, म्हणून त्यावरील खर्च कोणी वाया गेला असे म्हणत नाही. धक्क्याच्या यंत्राला मात्र हाच न्याय लावला जात नाही. आजची यंत्रे बोलून सूचना देतात आणि गरज नसल्यास धक्का देत नाहीत. अर्थात, शिकलेले हात नसतील तर यंत्र ही केवळ शोभेची वस्तू ठरेल. म्हणून आरंभ प्रशिक्षणापासून व्हावा. छाती दाबण्याची रीत १९६० पासून जगाला ठाऊक आहे; ती शिकण्यास एक दुपार पुरते आणि खर्च नगण्य येतो.

महापालिकेने बाजारपेठेत व मोठ्या कार्यालयांत यंत्रे ठेवावीत. शाळा-महाविद्यालयांनी शिक्षक, लिपिक व विद्यार्थ्यांना ही रीत शिकवावी. मोठ्या शस्त्रक्रियांवर लाखो रुपये खर्च करणाऱ्या समाजाने पहिल्या दहा मिनिटांसाठी हात आखडता घ्यावा, हा हिशेब कोणत्याही अर्थशास्त्रात बसणारा नाही.