फ्रँक वॉरेल : दानात न मिळालेले कर्णधारपद

सर फ्रँक वॉरेल यांचे नाव निघाले की भांडवली वृत्तपत्रांना ‘सभ्य गृहस्थांचा खेळ’ आठवतो. त्यांना वेस्ट इंडीजचे कर्णधारपद कसे मिळाले, हे मात्र क्वचितच सांगितले जाते.

वेस्ट इंडीजचा संघ १९२८ पासून कसोटी सामने खेळत होता. धावांचा नि बळींचा मोठा भार ऊसमळ्यांतील गुलामांच्या वंशजांवर. नेतृत्व मात्र गोऱ्यांसाठी राखीव. १९४८ मध्ये जॉर्ज हेडली यांना एका कसोटीपुरते ते मिळाले, इतकेच. १९५४-५५ मध्ये स्टॉलमेयर जखमी झाले, तेव्हा वॉरेल, वीक्स, वॉलकॉट हे तिघेही संघात असताना डेनिस अ‍ॅटकिन्सन यांना पुढे करण्यात आले. काळ्या माणसाने चेंडू फेकावा, हुकूम गोऱ्याने सोडावा, हा वसाहतीचा कायदा मैदानावरही चालत होता.

बार्बाडोसमध्ये १९२४ साली जन्मलेल्या वॉरेल यांनी या व्यवस्थेपुढे मान तुकवली नाही. १९४८-४९ च्या भारत दौऱ्यासाठी त्यांनी रास्त मोबदला मागितला. मंडळाने तो नाकारला, आणि ते दौऱ्यावर गेले नाहीत. लँकेशायरच्या गिरणगावांत ते पगारावर खेळले, मँचेस्टर विद्यापीठाची पदवी घेतली. आज त्यांच्या सभ्यतेचे गोडवे गाणाऱ्यांना हा मजुरीचा झगडा का आठवत नाही?

१९६० मध्ये त्रिनिदादच्या ‘द नेशन’चे संपादक सी. एल. आर. जेम्स यांनी कर्णधारपदाच्या प्रश्नावर रान उठवले. जेम्स यांच्या राजकारणाशी मतभेद असोत, पण क्रिकेट मंडळातील मिरासदारी स्वराज्याच्या मागणीशी कशी निगडित आहे, हे त्यांनी अचूक हेरले. लोकमताच्या रेट्यापुढे मंडळ नमले. पूर्ण मालिकेसाठी नेमलेले पहिले कृष्णवर्णीय कर्णधार म्हणून वॉरेल ऑस्ट्रेलियाला गेले. आधीचे कर्णधार गेरी अलेक्झांडर त्यांच्या हाताखाली यष्टिरक्षक म्हणून मनापासून खेळले, हेही नमूद केले पाहिजे.

डिसेंबर १९६० मध्ये ब्रिस्बेनला कसोटी इतिहासातील पहिला बरोबरीचा सामना झाला. मालिका १-२ अशी गमावूनही संघाला निरोप देण्यासाठी मेलबर्नचे रस्ते माणसांनी फुलले. बेटाबेटांच्या हेव्यादाव्यांत विखुरलेले खेळाडू वॉरेल यांनी एका संघात बांधले होते. वेस्ट इंडीजचे संघराज्य १९६२ मध्ये मोडले. क्रिकेट संघ टिकला. त्यांच्या नेतृत्वाखालील १५ कसोटींपैकी ९ जिंकल्या गेल्या, त्यांत १९६३ च्या इंग्लंड दौऱ्यातील तीन.

भारतीयांना ते आणखी एका कारणाने जवळचे. मार्च १९६२ मध्ये बार्बाडोसविरुद्धच्या सामन्यात ग्रिफिथ यांचा चेंडू नरी कॉन्ट्रॅक्टर यांच्या डोक्यावर आदळला. उमरीगर, बोर्डे, नाडकर्णी यांच्याबरोबर प्रतिस्पर्धी कर्णधारानेही रक्त दिले. कॉन्ट्रॅक्टर वाचले. वॉरेल यांना १९६७ मध्ये, वयाच्या अवघ्या बेचाळिसाव्या वर्षी, रक्ताच्याच कर्करोगाने नेले. बंगालच्या क्रिकेट संघटनेने १९८१ मध्ये ३ फेब्रुवारीला त्यांच्या नावाने कलकत्त्यात रक्तदानाचा पायंडा पाडला.