सावकाश होऊ द्या

झाशीच्या जुन्या तटबंदीला अनेक दरवाजे आहेत. दतियाच्या वाटेवरचा तो दतिया दरवाजा. ‘दतिया गेट’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या भागातील एखाद्या साध्या हॉटेलात एक कुटुंब दुपारी जेवायला बसले आहे, अशी कल्पना करावी. डाळ, भाजी आणि तंदुरी रोटी मागवून पाऊण तास होतो, तरी ताट येत नाही. मुले चुळबुळ करू लागतात, मोठ्यांच्या कपाळावर आठ्या पडतात. अखेर वाफाळलेले अन्न येते आणि पहिल्या घासालाच राग निवळतो. तरीही प्रश्न उरतो : जेवण रुचकर, पण सेवा संथ, अशा हॉटेलास चांगले म्हणावे काय?

पेशव्यांचे सरदार नारोशंकर 1742 मध्ये झाशीस आले. त्या काळापासून येथे मराठी कुटुंबे स्थिरावली. मराठी पंगतीत यजमान पाहुण्यांना ‘सावकाश होऊ द्या’ असे आवर्जून सांगतो. मात्र ही सावकाशी जेवणाऱ्यासाठी असते, वाढणाऱ्यासाठी नव्हे. पानातील भात संपण्यापूर्वीच वाढपी पुढे उभा असतो. अतिथीला निवांतपणा मिळावा, म्हणून यजमानाने तत्पर राहावे, हा त्या शब्दांमागील अर्थ आहे.

हॉटेलातील विलंब दोन प्रकारचा असतो. पहिला चुलीवरचा. मागणी आल्यावर भाजीला फोडणी द्यायची, कणकेचा गोळा थापून तंदुरात लावायचा, तर वेळ लागणारच. अमेरिकेत मॅकडोनाल्ड बंधूंनी 1948 मध्ये मोजकेच पदार्थ ठेवून आणि कामाची काटेकोर वाटणी करून झटपट खाद्यसेवेची पद्धत रूढ केली. पुढे 1986 मध्ये रोम येथे त्याच नावाच्या उपाहारगृहास विरोध झाला आणि कार्लो पेत्रिनी यांच्या पुढाकाराने इटलीत ‘स्लो फूड’ चळवळ उभी राहिली. वेग हाच अन्नाचा एकमेव गुण नव्हे, हे तिने जगाला पटवून दिले. ताज्या अन्नासाठी थांबणे ही त्या चवीचीच किंमत होय.

दुसरा विलंब निष्काळजीपणाचा. मागणी स्वयंपाकघरात पोहोचतच नाही, मागून आलेल्यांना आधी वाढले जाते, विचारल्यास ‘आत्ता आणतो’ एवढेच उत्तर मिळते. या विलंबाने चव वाढत नाही. ‘रोटीला अर्धा तास लागेल, डाळ-भात लगेच मिळेल’ असे आरंभीच सांगितले, तर निवड ग्राहकाच्या हाती राहते. त्यासाठी पैसा लागत नाही, लागतो तो केवळ प्रामाणिकपणा.

या साऱ्यात रोष मात्र वाढप्यावर निघतो. दहा टेबलांसाठी दोनच माणसे नेमण्याचा निर्णय त्याचा नसतो, चूलही त्याच्या हाती नसते. तरी बोलणी तोच खातो. एके काळी ‘ए पोऱ्या’ अशी हाक मारली की फडके घेऊन लहान मूल धावत येई. 10 ऑक्टोबर 2006 पासून हॉटेले व ढाबे यांत चौदा वर्षांखालील मुलांना कामास ठेवण्यास बंदी आली. ती धावपळ म्हणजे तत्पर सेवा नव्हती, ते हिरावलेले बालपण होते. टेबलाशी बसलेल्याने हे विसरता कामा नये.

म्हणून उशीर झाल्यास ग्राहकाने तक्रार अवश्य करावी, परंतु ती मालकाकडे आणि सभ्य शब्दांत. अन्न आवडल्यास आचाऱ्याला तसे कळवावे आणि वाढप्याशी बोलताना त्याचा मान राखावा. मालकाने पुरेशी माणसे नेमावीत आणि लागणारा वेळ खरा सांगावा. रुचकर अन्न देणारे संथ हॉटेल वाईट नसते, परंतु त्याचे निम्मे काम बाकी असते. ते पूर्ण झाले, तरच ‘सावकाश होऊ द्या’ असे म्हणण्याचा अधिकार त्याला लाभेल.