आधी हवा काढा!

दुबई, शारजा नाहीतर अबुधाबीत नोकरी लागलेल्या आपल्या मराठी पोरापोरींचं एक टाइमटेबल ठरलेलं असतं. पहिलं वर्ष करामा किंवा बुर दुबईत रूम शेअर करण्यात आणि लायसन्सच्या टेस्ट देण्यात जातं. दुसऱ्या वर्षी दारात सेकंडहॅण्ड फोर-बाय-फोर उभी राहते. मग ऑफिसातलं कुणीतरी म्हणतंच, ‘यार, या वीकएण्डला डेझर्टला चल ना!’ (वीकएण्ड म्हणजे शनिवार-रविवार बरं का. २०२२ पासून तिथेही बऱ्याच ऑफिसांत शुक्रवारी अर्धा दिवस काम असतं.)

की लगेच सुरू होतं टायर पुराण. कुठला ब्रॅण्ड? किती रुंद? ते राक्षसी दात असलेले काळेकुट्ट टायर लावू का, फोटोत जाम भारी दिसतात!

मंडळी, फोटोत दिसतात हे खरंच. पण ते मड-टेरेन टायर, नावातच सांगितलंय, चिखलासाठी असतात. चिखलात त्यांचे दात खाली जातात, घट्ट जमीन शोधतात आणि गाडी ओढून काढतात. वाळूत खाली घट्ट जमीन नसतेच. तिथे हेच दात फावड्याचं काम करतात. तुम्ही अॅक्सिलरेटर दाबाल तेवढी गाडी स्वतःचा खड्डा स्वतः खणणार! वाळूत टायरने खणायचं नसतं, तरंगायचं असतं. म्हणून मऊ वाळूत बेताच्या नक्षीचा ऑल-टेरेन टायर झकास. अगदी हायवेचा साधा टायरसुद्धा बरा चालतो. फक्त तो गोटा झालेला नको.

उंटाचा तळवा बघितलाय कधी? रुंद, गुबगुबीत, टेकला की पसरणारा. घोड्याचा खूर कडक, म्हणून तो वाळूत रुततो. आपल्याला टायरचा तळवा करायचाय, खूर नाही. आणि तो दुकानात मिळत नाही, हवा कमी करून मिळतो.

थोडा हिशोब करू, कंटाळू नका. गाडीचं वजन २४०० किलो धरा, म्हणजे एका चाकावर ६०० किलो. रस्त्यावर टायरमध्ये ३५ पीएसआय हवा असते. तेव्हा ते चाक जमिनीला साधारण २४५ चौरस सेंटिमीटर टेकतं. म्हणजे जेमतेम दोन पोस्टकार्डांएवढं. हवा १५ वर आणली की तीच जागा ५७० च्या आसपास जाते. हे झालं कागदावर. प्रत्यक्षात टायरच्या भिंतीही थोडा भार उचलतात, त्यामुळे आकडा जरा कमी येतो. पण गंमत अशी, की टायर रुंदीला फारसा वाढत नाही, लांबीला वाढतो. रणगाड्याच्या पट्ट्यासारखा लांबलचक ठसा उमटतो आणि गाडी वाळूच्या पाठीवरून निघून जाते. म्हणून नुसते जास्त रुंद टायर घालून हवा ३५ ठेवणाऱ्या हिरोची गाडी पहिल्याच टेकाडावर बसते!

हा काही आजचा शोध नाही. राल्फ बॅगनॉल्ड नावाचा ब्रिटिश लष्करातला इंजिनियर १९२० च्या दशकात इजिप्तमध्ये पोस्टिंगवर होता. सुट्ट्या काढून फोर्ड गाड्या घेऊन वाळवंटात भटकायचा. उंटांचे तांडेही टाळायचे अशा वाळूच्या समुद्रात त्याने गाड्या नेल्या, त्या टायरची हवा उतरवून. पुढे वाळू वाहते कशी यावर त्याने १९४१ मध्ये पुस्तक लिहिलं, आणि वाळूचा अभ्यास करणारे अजून ते उघडतात. सुट्टीचा असा उपयोग आपल्याला कधी सुचणार, देव जाणे.

आता खरेदी. टायरच्या अंगावर २६५/६५ आर १७ असं काहीतरी छापलेलं असतं. पहिला आकडा रुंदी, मिलिमीटरमध्ये. दुसरा म्हणजे रुंदीच्या किती टक्के उंच भिंत आहे ते. २६५ चे ६५ टक्के, म्हणजे १७२ मिलिमीटर. शोरूमवाला स्टाइल म्हणून २७५/४५ आर २० दाखवेल, त्याची भिंत भरते १२४. हवा काढल्यावर फुगायला आणि दबायला भिंतच हवी, ती नसेल तर रिम थेट वाळूवर येईल. म्हणून मोठं रिम मिरवायचं असेल तर मॉलच्या पार्किंगमध्ये मिरवा. वाळूसाठी १७ इंची रिम, उंच भिंत. रन-फ्लॅट टायर नकोच, त्यांच्या भिंती मुद्दाम ताठ केलेल्या असतात. लाइट-ट्रक प्रकारचे जाड टायर हत्ता किंवा रास अल खैमाच्या दगडी वाद्यांत उपयोगी. मात्र नेहमीच्या एसयूव्हीला वाळूत ते जडच पडतात. आणि टायरवरचे शेवटचे चार अंक बघा: ३२२४ म्हणजे २०२४ चा बत्तिसावा आठवडा. तिथल्या उन्हात रबर लवकर म्हातारं होतं. सेलमधला जुना माल स्वस्त पडतो, तो उगाच नाही.

बिग रेडच्या लाल टेकड्यांवर सुरुवात करणाऱ्याने १५ ते १८ ठेवावी. लिवाची वाळू त्याहून मऊ आणि चढ मोठे, तिथे १२ ते १५. गाडी रुतली तर रेस देऊ नका. चाकाभोवतीची वाळू हाताने काढा, हवा १०-१२ वर आणा आणि आलात त्याच चाकोरीतून अलगद मागे घ्या. बाहेर पडलात की पुन्हा १५. कारण इतक्या कमी हवेवर जोरात वळण घेतलं, की टायरची कड रिमवरून सुटते आणि भर उन्हात जॅक लावायला बसावं लागतं. सपाट पांढरी मिठाची जमीन दिसली, तिला तिथे सबखा म्हणतात, तर लांबूनच नमस्कार. वरची खपली फुटली की खाली चिखल, आणि मग हवा कमी करूनही सुटका नाही.

मुक्काम करणार असाल तर अजून एक. दुपारी टायर ६० डिग्रीला तापलेले असताना तुम्ही १५ ठेवलीत. पहाटे २० डिग्रीला तीच हवा साडेअकराच्या आसपास दिसते. कुणी चोरली नाही, थंड हवा आक्रसते एवढंच. चहाच्या आधी गेज लावा.

आता जरा सिरियस. वाळवंटातून डांबरी रस्त्यावर येतो तो क्षण सगळ्यात धोक्याचा. सगळे दमलेले, मागच्या सीटवर मुलं झोपलेली, कुणाला तरी पराठ्याची आठवण आलेली. ‘पुढच्या पेट्रोल पंपावर हवा भरू’ असं कुणीतरी म्हणतं. समोर १२०-१४० ची लिमिट असलेला गुळगुळीत रस्ता. कमी हवेचा टायर प्रत्येक फेरीला दबतो, उलगडतो, पुन्हा दबतो. या मळण्याने तो आतून तापतो, खालून डांबर तापवतं, आतले थर सुटू लागतात. बाहेरून काहीच कळत नाही. मग फाटतो, आणि एसयूव्हीसारखी उंच गाडी उलटायला तेवढं पुरतं. तेव्हा ग्रुप कितीही घाई करो, हवा वाळूच्या काठावरच भरायची. पंप अगदी समोर दिसत असेल तर ३०-४० च्या स्पीडने, कडेकडेने जा. डॅशबोर्डवरचा टायरचा पिवळा दिवा दिवसभर पेटलेला असतो, त्यामुळे तोपर्यंत कुणी त्याच्याकडे बघतही नाही. त्याच्या भरवशावर राहू नका.

म्हणून माझं बजेट असं: टायर मध्यम, कम्प्रेसर चांगला. सिगरेट लायटरच्या सॉकेटवर चालणारा खेळण्यातला नको, थेट बॅटरीला चिमटे लावायचा घ्या. तरी चार टायर भरायला अर्धा तास धरा. सोबत आपलं स्वतःचं एक गेज. दुकानदार नायट्रोजन भरायचा आग्रह करेल. साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो, आणि वाळूच्या काठावर तुम्ही साधीच हवा भरणार आहात.

डिसेंबरात स्वतःची गाडी घेऊन पुणे-मुंबईहून जैसलमेरला, समच्या वाळूत जाणाऱ्यांनाही हेच आकडे चालतील. सुरुवात १८ पासून करा.

आणि हो, स्टेपनी. तिची हवा कुणीच बघत नाही. निघायच्या आधी बघा आणि ती ३५ वरच ठेवा. लागली तर तिथे कमी करायला दोन मिनिटं पुरतात.